पिढ्यांची गणना आणि वनजिल्ह्यांचा काळ : घरगुती व्हिडिओ गेम यंत्राच्या इतिहासातील कालविभागाचा प्रश्न

१

वस्तूंचा इतिहास लिहिताना कालविभाग कोणता धरावा हा प्रश्न अभ्यासकापुढे आरंभीच उभा राहतो. राजवटींच्या इतिहासात राज्यारोहणाची आणि तहांची वर्षे आयती मिळतात. वस्तूंच्या इतिहासात तशी सोय नसते. यास्तव निर्मात्याने वस्तू प्रथम विक्रीस आणल्याचे वर्ष हेच बहुधा तिच्या इतिहासाचे आरंभवर्ष मानले जाते, आणि त्याच निर्मात्याने तिचे उत्पादन थांबविल्याचे वर्ष हे शेवटचे. व्यापारात ज्यास ‘कन्सोल’ म्हणतात आणि घरोघरी जे ‘टीव्ही गेम’ किंवा नुसते ‘व्हिडिओ गेम’ या नावाने ओळखले गेले, त्या यंत्राचा इतिहास याच पद्धतीने लिहिला गेला आहे.

या पद्धतीत यंत्रांच्या ‘पिढ्या’ मोजल्या जातात. अमेरिकेत १९७२ साली विक्रीस आलेले मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे ओडिसी हे पहिल्या पिढीचे. खेळ बदलण्यासाठी स्वतंत्र कार्ट्रिज बसविण्याची सोय असलेले फेअरचाइल्ड कंपनीचे १९७६ चे व अटारी कंपनीचे १९७७ चे यंत्र दुसऱ्या पिढीचे. जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी निंटेंडो कंपनीने आणलेले फॅमिली कॉम्प्युटर तिसऱ्या पिढीचे. सेगा कंपनीचे १९८८ चे मेगा ड्राइव्ह चौथ्या, सोनी कंपनीचे १९९४ चे प्लेस्टेशन पाचव्या व २००० चे प्लेस्टेशन २ सहाव्या पिढीचे. पुढे २०२० सालच्या यंत्रांपर्यंत ही गणना नऊ पिढ्यांवर येते. तांत्रिक प्रगतीचा क्रम समजण्यास हिचा उपयोग आहे, यात शंका नाही.

परंतु ही गणना चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांस लावू गेल्यास ती जागोजाग अडते. या जिल्ह्यांना पहिल्या दोन पिढ्या जवळजवळ अज्ञातच राहिल्या. तिसरी पिढी तिच्या मायभूमीत इतिहासजमा होत असताना येथील अनेक घरांना ती नवीनच होती. आणि जी आली ती मूळ यंत्राच्या रूपाने नव्हे, तर प्रतिकृतीच्या रूपाने. अशा स्थितीत ‘हे जिल्हे मागे राहिले’ एवढे म्हणून प्रश्न मिटविता येतो. तथापि तसे केल्यास इतिहास सांगितल्यासारखा होत नाही. दुसऱ्या देशाच्या दिनदर्शिकेवरून येथील उशीर तेवढा मोजला जातो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की, या यंत्राचा येथील काळ निर्मात्याच्या वर्षांवरून न ठरविता वीज, चित्र आणि किंमत या तीन गोष्टी एका घरात कधी एकत्र आल्या यावरून ठरविला पाहिजे. आणि तसा तो ठरविला असता प्रतिकृती हेच या इतिहासाचे मुख्य साधन ठरते.

२

यंत्राचे स्वरूप प्रथम पाहणे अगत्याचे आहे. घरगुती व्हिडिओ गेम यंत्र हे स्वतःपुरते अपूर्ण यंत्र होय. त्याला स्वतःचा पडदा नसतो. ते चित्राचा विद्युत्संकेत तयार करते आणि तो दूरचित्रवाणी संचाच्या हवाली करते. जुन्या यंत्रांत हा संकेत रेडिओ लहरींच्या रूपात बदलून संचाच्या अँटेनाच्या खाचेतून आत सोडला जाई. संच ते एखादे प्रक्षेपण समजून दाखवीत असे. म्हणजे दूरदर्शनची तार काढून त्या जागी खेळाची तार लावावयाची, असा हा व्यवहार होता.

यंत्राचे हे परावलंबन जकातीच्या परिभाषेतही उमटले आहे. १९८८ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय माल-वर्गीकरणात या यंत्रास ‘दूरचित्रवाणी संचासह वापरावयाचे व्हिडिओ गेम’ या अर्थाचे शीर्षक होते, आणि ते संगणकांच्या प्रकरणात नव्हे, तर खेळणी व क्रीडासाहित्याच्या प्रकरणात होते. २०१२ च्या सुधारणेत संचाचा हा उल्लेख जाऊन ‘कन्सोल’ हा शब्द आला. ज्या कालखंडाचा येथे विचार करावयाचा आहे, त्या कालखंडात यंत्राची व्याख्याच संचाच्या आधारे केली जात होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९८३ च्या जपानी यंत्राची रचना मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली झाली. त्याचा प्रोसेसर रिको कंपनीचा असून तो १९७५ पासून प्रसिद्ध असलेल्या ६५०२ या स्वस्त प्रोसेसरवर आधारलेला होता. कामचलाऊ स्मृती अवघी २ किलोबाइट होती. खेळ स्वतंत्र कार्ट्रिजमधील स्थायी स्मृतीत असे. या कार्ट्रिजला मराठी बोलण्यात ‘कॅसेट’ हेच नाव रूढ झाले. जपानी यंत्राच्या कॅसेटला ६० जोडबिंदू होते. १९८५ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या आवृत्तीत जोडबिंदू ७२ झाले, आणि कॅसेट अधिकृत आहे की नाही हे तपासणारी एक आयसी तीत घालण्यात आली. मूळ जपानी यंत्रात असा पहारा नव्हता. त्यामुळे पुढे जगभर ज्याच्या नकला झाल्या ते यंत्र अमेरिकन आवृत्तीचे नसून बहुतांशी ६० जोडबिंदूंच्या जपानी आवृत्तीचे होते.

तैवानमधील निर्मात्यांनी या यंत्रातील आयसींच्या प्रतिकृती केल्या. पुढे अनेक आयसींचे काम एकाच आयसीत बसविण्यात आले. स्वस्त यंत्र उघडले असता पट्टीवर काळ्या राळेचा जो एक गोल ठिपका दिसतो, त्याखाली संपूर्ण १९८३ चे यंत्र सामावलेले असते. या नकला करणाऱ्यांनी एक महत्त्वाचा फेरफारही केला. जपानची दूरचित्रवाणी ५२५ रेषांची व सेकंदास ६० क्षेत्रांची. भारताची ६२५ रेषांची व ५० क्षेत्रांची. निंटेंडोने युरोपसाठी काढलेल्या ५० क्षेत्रांच्या आवृत्तीत प्रोसेसरचा वेग १.६६ मेगाहर्ट्झवर आला होता. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या ५० क्षेत्रांच्या आयसींत मात्र तो १.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे मूळ जपानी १.७९ च्या अगदी जवळ ठेवलेला होता. त्यामुळे जपानी खेळ ५० क्षेत्रांच्या संचावरही बऱ्याच अंशी नीट चालत. नक्कल म्हणजे केवळ चोरी, ही समजूत येथे अपुरी पडते. ज्या बाजारपेठांकडे मूळ निर्मात्याने लक्ष दिले नाही, त्यांच्या संचांना जुळेल असे यंत्र नकलाकारांनी तयार केले.

३

आता या दोन जिल्ह्यांतील परिस्थितीकडे वळावयास हवे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या अकराच दिवस आधी, १५ ऑगस्ट १९८२ रोजी, दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले होते. १९८३ साली चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथील औष्णिक वीजकेंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच उभा राहिला. त्याच वर्षी जुलैत जपानमध्ये फॅमिली कॉम्प्युटर विक्रीस आले आणि ऑगस्टअखेर इन्सॅट-१ब हा उपग्रह सोडण्यात आला. सुमारे एका वर्षाच्या अवधीत घडलेल्या या पाच गोष्टी एका ओळीत मांडल्या की त्या एकाच काळातल्या वाटतात. तारखेने त्या तशा आहेतही. परंतु भामरागड वा एटापल्ली तालुक्यातील एखाद्या घरात त्या एकत्र येण्यास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. तारखेचे ऐक्य आणि काळाचे ऐक्य या दोन भिन्न गोष्टी होत.

प्रथम चित्राचा विचार करू जाता असे दिसते की, मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तरी त्याचा लाभ पूर्व विदर्भास होण्याचे कारण नव्हते. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचविण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारच्या रायपूर भागातील खेड्यांनी त्या वर्षी जे पाहिले, ते सीमेअलीकडील गावांना दिसले नाही. इन्सॅट-१ब कार्यान्वित झाल्यानंतर, विशेषतः १९८४ पासून, लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर वेगाने पसरले. परंतु १०० वॅटच्या अशा प्रक्षेपकाची मजल साधारणपणे १५ ते २५ किलोमीटर असते. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. शहरात उभारलेल्या प्रक्षेपकाचे वर्तुळ अशा प्रदेशात एका लहानशा बेटासारखे राहते. या वर्तुळांबाहेरील घरांस स्वस्तात चित्र मिळण्याचा मार्ग खऱ्या अर्थाने खुला झाला तो डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने मासिक वर्गणीविना थेट उपग्रहावरून घरी येणारी सेवा सुरू केली तेव्हा. छपरावर तबकडी बसविली की प्रक्षेपकाच्या अंतराचा प्रश्न उरत नाही.

येथे अशी शंका घेता येईल की व्हिडिओ गेमला प्रक्षेपणाची गरज नसते; मग प्रक्षेपकाचा विचार कशासाठी? शंका रास्त आहे. परंतु केवळ खेळासाठी दूरचित्रवाणी संच विकत घेणारे घर विरळा. संच येतो तो बातम्या, चित्रपट, ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांसाठी. आणि तो एकदा आला की खेळाचे यंत्र त्याच्या आश्रयाने येते. म्हणून चित्राचा उंबरठा हा यंत्राचाही उंबरठा ठरतो.

दुसरी अट विजेची. दुर्गापूरच्या केंद्रात १९९७ पर्यंत सात संच उभे राहून त्याची क्षमता २,३४० मेगावॅट झाली. राज्याच्या वीजपुरवठ्यात त्याचे स्थान फार मोठे होते. तथापि वीज निर्माण होणे आणि वीज घरात असणे यांत अंतर आहे. ‘विद्युतीकरण झालेले गाव’ ही शासकीय संज्ञा जपून वापरली पाहिजे. १९९७ पूर्वी गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत गणले जाई. २००४ साली ही व्याख्या बदलून किमान १० टक्के घरांत व सार्वजनिक ठिकाणी वीज असणे आवश्यक ठरले. जुन्या आकड्यांवरून घरातील यंत्राबद्दल अनुमान काढणाऱ्याची त्यामुळे फसगत होण्याचा संभव आहे. शिवाय २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घ भारनियमनाची होती. तिसऱ्या पिढीच्या यंत्रात खेळाची प्रगती २ किलोबाइटच्या कामचलाऊ स्मृतीत राहते आणि वीज जाताच पुसली जाते. प्रगती टिकविण्यासाठी बॅटरी बसविलेल्या कॅसेट थोड्याच होत्या. म्हणून कॉन्ट्रा किंवा सुपर मारिओ ब्रदर्ससारखा खेळ शेवटापर्यंत नेणे हे अशा ठिकाणी खेळणाऱ्याच्या कौशल्याइतकेच भारनियमनाच्या वेळापत्रकावरही अवलंबून होते. यंत्र तेच, परंतु अखंड वीज असलेल्या घरातील खेळ आणि येथील खेळ यांचा अनुभव एक नव्हता.

या दृष्टीने दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा एकसारखा नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावती, राजुरा हा पट्टा कोळसा खाणी, कागद गिरणी, सिमेंट कारखाने, आयुध निर्माणी व वीजकेंद्र यांचा. येथील वसाहतींत नियमित पगार होता, वीज होती, आणि बल्लारशाह स्थानकावरून जाणाऱ्या दिल्ली-चेन्नई लोहमार्गाने मोठ्या शहरांशी दळणवळण होते. उलट गडचिरोली जिल्ह्यात दीर्घकाळ लोहमार्गाचा स्पर्श देसाईगंज (वडसा) येथेच झाला होता, आणि दक्षिणेकडील सिरोंचा तालुक्याचा बाजारव्यवहार तेलुगू प्रदेशाशी निगडित होता. वीज, चित्र आणि पैसा या तिन्ही गोष्टी औद्योगिक पट्ट्यात प्रथम जुळल्या असणार, हे अनुमान या परिस्थितीवरून सहज निघते. त्याचा अर्थ असा की एकाच जिल्ह्यातसुद्धा यंत्राचा काळ एक नसतो. बल्लारपूरचे १९९० आणि भामरागडचे १९९० ही या इतिहासापुरती दोन निराळी वर्षे आहेत.

४

तिसरी अट किंमतीची. आणि येथे दिल्लीतील धोरणाचा संबंध येतो. १९९१ पूर्वी भारतातील आयात जकातीचा सर्वोच्च दर ३०० टक्क्यांहून वर होता. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पाने तो १५० टक्क्यांवर आणला आणि १९९५-९६ पर्यंत तो ५० टक्के झाला. परंतु जकात उतरली म्हणजे वस्तू खुली झाली असे नव्हे. बहुतेक उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध होते. ते अखेरच्या टप्प्यात १ एप्रिल २००० व १ एप्रिल २००१ रोजी उठविण्यात आले. तोवर परदेशी यंत्र घरी येण्याच्या वाटा मोजक्याच होत्या : परदेशातून परतणाऱ्याच्या सामानातून, चोरट्या बाजारातून, किंवा सुटे भाग आणून येथे जुळविलेल्या यंत्राच्या रूपाने.

अधिकृत मार्गाचे एक उदाहरण बोलके आहे. सेगा कंपनीने एप्रिल १९९५ मध्ये शॉ वॉलेस या भारतीय कंपनीशी वितरणाचा करार केला. ८० टक्क्यांच्या आयात करातून वाट काढणे हा त्यामागील हेतू होता. तरीही मेगा ड्राइव्हची किंमत १८,००० रुपये पडली. त्या वर्षीच्या सरासरी दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाहून ही रक्कम बरीच मोठी होती. खाण कामगाराच्या घरास ती परवडणे कठीण होते. तेंदूपत्ता आणि बांबूच्या हंगामी मजुरीवर चालणाऱ्या घरांच्या तर ती विचारातही येणे शक्य नव्हते. चौथी पिढी भारतात ‘आली’ असे या करारावरून म्हणता येईल; मात्र ती वनजिल्ह्यांत आली असे त्यावरून म्हणता येत नाही.

ही पोकळी प्रतिकृतींनी भरून काढली. १९८३ च्या जपानी यंत्राची अनेक रूपे भारतात सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी ओळखली गेली. महाराष्ट्रापुरते पाहता मुंबईत १९९८ साली स्थापन झालेल्या मिताशी कंपनीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. ‘गेम इन’ या नावाने या कंपनीने स्वस्त घरगुती यंत्रे देशभर विकली. एका कॅसेटवर शेकडो, किंबहुना छापील दाव्याप्रमाणे हजारो खेळ असत. प्रत्यक्षात थोडेच खेळ नाव व टप्पा बदलून पुन्हा पुन्हा मोजलेले असत. यंत्रासोबत दोन नियंत्रक येत, ज्यांना सर्वत्र ‘रिमोट’ म्हणत, आणि पुष्कळदा एक प्रकाश टिपणारी बंदूकही. ज्या काळात जपान-अमेरिकेत सहावी पिढी नांदत होती, त्याच काळात तिसऱ्या पिढीचे हे रूप भारतातील लहान शहरांच्या दुकानांत नवे यंत्र म्हणून मांडलेले होते.

हा प्रकार भारतापुरता नव्हता. रशियात १९९२ पासून डेंडी या नावाने, तर पोलंडमध्ये त्याच दशकात पेगासस या नावाने याच यंत्राच्या प्रतिकृती विकल्या गेल्या, आणि त्या देशांतील एका पिढीच्या दृष्टीने तेच ‘मूळ’ यंत्र ठरले. ब्राझीलमध्ये संरक्षक जकातीमुळे टेकटॉय या देशी कंपनीने सेगाची जुनी यंत्रे दशकानुदशके बाजारात टिकविली. म्हणजे वनजिल्ह्यांतील अनुभव हा एखाद्या कोपऱ्यातील अपवाद नसून, व्यापारनिर्बंध व अल्प क्रयशक्ती असलेल्या विस्तीर्ण जगाच्या अनुभवाचा भाग आहे. निंटेंडोच्या हिशेबात त्या यंत्राची विक्री सुमारे ६ कोटी १९ लाख भरते. या संख्येत प्रतिकृतींचा समावेश नाही. ज्या प्रदेशांत प्रतिकृती हेच यंत्र होते, ते प्रदेश या संख्येतून आपोआपच वगळले जातात.

मूळ निर्मात्यांनाही पुढे येथील निराळ्या काळाची दखल घ्यावी लागली. प्लेस्टेशन ३ जगात २००६ साली आणि भारतात २००७ साली आले. असे असता २००९ साली सोनीने हैदराबाद येथील संस्थांकडून करवून घेतलेले ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि कबड्डी, विटीदांडू यांसारख्या देशी खेळांवर आधारलेले ‘देसी अड्डा’ हे खेळ आदल्या पिढीच्या प्लेस्टेशन २ साठी काढण्यात आले. पिढ्यांची गणना मांडणाऱ्या उद्योगानेच येथे ती बाजूस ठेवलेली दिसते.

५

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की प्रतिकृती हा मुळात बेकायदेशीर व्यवहार. त्यास इतिहासात मध्यवर्ती स्थान देणे म्हणजे त्याचे समर्थन करणे होय. या आक्षेपात दोन प्रश्नांची गल्लत आहे. खेळ रचणाऱ्यांचा मोबदला बुडाला, हे खरे आहे आणि ते नोंदविलेच पाहिजे. परंतु बनावट नाणी सापडली म्हणून नाणकशास्त्र ती फेकून देत नाही; चलनाची टंचाई कोठे होती व विश्वास कशावर होता, हे त्याच नाण्यांवरून कळते. त्याचप्रमाणे बाजार कोठवर पोचला होता, हे प्रतिकृतीवरून कळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गडचिरोलीच्या अंतर्भागातील असंख्य घरांत हे यंत्र कधीच आले नसेल, तर त्यांचा या इतिहासाशी संबंध काय? याचे उत्तर असे की अभाव हाही कारणांनी घडतो आणि त्यालाही काळ असतो. वीज आली पण चित्र नाही, चित्र आले पण किंमत आवाक्याबाहेर, आणि किंमत आवाक्यात आली तोवर मोबाइल फोन दारात उभा, असा क्रम जेथे घडला तेथे यंत्र न येण्याचाही इतिहास लिहिता येतो. माओवादी कारवायांनी ग्रस्त भागांत मोबाइल मनोरे उभारण्याच्या योजनेस केंद्र सरकारने २०१४ साली मंजुरी दिली. तीत महाराष्ट्राचा समावेश होता, आणि पहिल्या टप्प्यातील मनोरे टूजीचे होते. २०१६ नंतर स्वस्त फोरजी डेटा देशभर उपलब्ध झाला. २०१८ साली आलेल्या पबजी मोबाइल या खेळाची लोकप्रियता आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर आलेली बंदी या दोन्ही गोष्टी खेळाचे स्थान दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून हातातील पडद्यावर गेल्याच्या निदर्शक आहेत. अनेक घरांनी कन्सोल हा टप्पा गाळूनच पुढचा गाठला. पिढ्यांच्या गणनेत अशा घरांना जागाच नाही.

या विवेचनाच्या आधारे दोन्ही जिल्ह्यांसाठी पुढील कालविभाग सुचविता येतो. १९८४ पर्यंतचा पहिला कालखंड चित्राच्या अभावाचा. १९८४ ते २००१ हा दुसरा : शहरी व औद्योगिक पट्ट्यात संच आले, परंतु यंत्राची खुली आयात निर्बंधित राहिली व प्रतिकृतीने मूळ धरले. २००१ ते २०१६ हा तिसरा : निर्बंध उठले, थेट उपग्रह सेवेने चित्राचे क्षेत्र वाढविले, भारनियमनाने खेळाला मर्यादा घातली, आणि स्वस्त प्रतिकृतीचा प्रसार सर्वाधिक झाला. २०१६ नंतरचा चौथा कालखंड मोबाइलचा. या सीमा काटेकोर नाहीत आणि तालुक्यागणिक त्या मागेपुढे सरकतील. तसे सरकणे हाच या पद्धतीचा गुण आहे. पिढ्यांची गणना सर्वत्र एकच वर्ष सांगते. ही पद्धत प्रत्येक ठिकाणी वर्ष शोधावयास लावते.

६

शेवटी साधनांविषयी लिहिणे आवश्यक आहे. कारण हा प्रश्न केवळ पद्धतीचा नाही, निकडीचाही आहे. शासकीय साधनांत घरगुती यंत्राची नोंद जवळजवळ नाही. २००१ व २०११ च्या जनगणनेत घरातील दूरचित्रवाणी संच व प्रकाशाचे साधन यांची गणना झाली. खेळाच्या यंत्राची झाली नाही. सार्वजनिक ठिकाणच्या व्हिडिओ गेम पार्लरांवर राज्याचे करमणूक शुल्क होते, तेव्हा त्यांचा माग महसुली दप्तरात लागू शकतो. घरात खेळलेल्या खेळावर शुल्क नसल्याने त्याचा माग तेथे लागत नाही. राज्य ज्यावर कर घेते त्याची नोंद ठेवते, हा जुनाच अनुभव येथेही येतो. यास्तव जनगणनेचे तालुकावार तक्ते, वीज जोडण्यांच्या नोंदी, स्थानिक वृत्तपत्रांतील दिवाळीच्या जाहिराती, विक्रेत्यांची बिलबुके आणि संच दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या आठवणी एकमेकींशी ताडून पाहणे हाच मार्ग उरतो.

प्रत्यक्ष वस्तू हे साधन तर सर्वांत नाजूक आहे. या यंत्रांची बंदूक काचेच्या नळीच्या जुन्या संचावरच चालते. घोडा ओढताच क्षणभर काळ्या झालेल्या पडद्यावर उजळणारा पांढरा चौकोन तिला टिपावा लागतो, आणि नव्या सपाट पडद्यावर हा मेळ बसत नाही. यंत्र जपले पण संच भंगारात गेला, तर जपलेली वस्तू मुकी होते. दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे भूप्रक्षेपण २०२१-२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले, त्यामुळे अँटेनाची ती खाचही निरुपयोगी झाली आणि जुने संच घरांतून अधिक वेगाने बाहेर पडत आहेत. अमेरिका-जपानमधील मूळ यंत्रे तेथील संग्रहालयांत सुरक्षित आहेत. राळेच्या काळ्या ठिपक्याची, नाव नसलेली, प्लास्टिक पिवळे पडलेली प्रतिकृती मात्र मौल्यवान मानली जात नाही आणि म्हणून कोणी ती ठेवीत नाही.

तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या प्रदेशाच्या अलीकडील इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने अशी एखादी प्रतिकृती हाती घेतल्यास ती कोणत्या पिढीची हे विचारण्यापूर्वी, ती कोणत्या गावात, कोणत्या वर्षी, कोणत्या संचाला जोडली गेली आणि त्या घरात वीज किती तास असे, हे विचारावे. या चार प्रश्नांची उत्तरे देऊ शकणारी माणसे आज हयात आहेत आणि त्यांतील पुष्कळशी अद्याप तरुण आहेत. त्यांच्या आठवणी वेळीच नोंदविल्या गेल्या, तर या वनजिल्ह्यांचा काळ दुसऱ्याच्या दिनदर्शिकेतील उशीर म्हणून नव्हे, तर स्वतंत्र काळ म्हणून लिहिता येईल.